चिडीचूप मावशींना खोकला होतो

खोकला आधी खांद्यात येतो, घशात मागाहून. ज्याला हे कळत नाही त्याने संगीतसभागृहाच्या मागच्या दारात उभं राहू नये, असं मावशींचं स्वच्छ मत होतं. मागून फक्त डोकी आणि खांदे दिसतात. त्यातला एखादा खांदा किंचित वर उचलला गेला, मान आखूड झाली आणि हात रुमालासाठी खिसा चाचपू लागला, की तो माणूस खोकणार हे ठरलेलं. पण त्याला स्वतःला ते कळायच्या आत त्याच्या कोपरापाशी एक चपटा डबा उघडा होऊन आलेला असे. डब्यात पेपरमिंटच्या गोळ्या. डबा धरणारी बाई कधी आली, कुठून आली, याचा पत्ता शेजारच्या खुर्चीलाही लागत नसे.

मावशींच्या चपलांना जुन्या घोंगडीचे तळवे शिवलेले होते. डब्याला आतून फ्लॅनेल लावलेलं होतं, म्हणजे गोळ्या खुळखुळू नयेत. आणि सगळ्या गोळ्या आधीच कागदातून सोडवलेल्या असत, कारण मावशींच्या हिशेबी खोकल्यापेक्षा कागद वाईट. खोकला निदान एकदाचा होऊन जातो. कागद उलगडणारा माणूस मात्र आवाज होऊ नये म्हणून हळूहळू उलगडतो, आणि त्याच्या त्या सभ्यपणात अर्धं वादन खलास होतं.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्या जिन्याखालच्या स्टुलावर बसून गोळ्या सोडवत. हवा गार असली तर जास्त, कार्यक्रमाला शाळेची मुलं असली तर आणखी जास्त. अंदाज चुकला तरी कमी पडायला नकोत, म्हणून चार मुठी वरच. रात्री उरलेल्या गोळ्या एकमेकींना चिकटायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुणाला द्यायच्या लायकीच्या राहायच्या नाहीत. टाकायच्या तरी कशा? म्हणून त्या मावशी खायच्या. दोनचार घरी जाताना वाटेत, बाकीच्या जेवणानंतर, शेवटची अंथरुणात.

पंधरावीस वर्षांपूर्वी मावशींचे यजमान याच सभागृहात रंगमंचाचे दिवे सांभाळायचे. मावशी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन यायच्या आणि पडद्याआड उभ्या राहून ऐकायच्या. यजमान गेले, तेव्हा तेव्हाच्या व्यवस्थापकांनी त्यांना झाडलोटीचं काम दिलं. एका संध्याकाळी पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना उबळ आली आणि झाडूवाल्या बाईंनी पदराच्या गाठीतली गोळी त्यांच्या हातावर ठेवली. तेव्हापासून झाडू दुसरीकडे गेला आणि दार मावशींकडे आलं. नेहमीचे श्रोते त्यांना चिडीचूप मावशी म्हणू लागले. ते त्यांच्या कानावर आलं होतं, आणि आवडलंही होतं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

खोकल्याच्या जाती त्यांना तोंडपाठ होत्या. एक खरा खोकला, छातीतून येणारा. त्यापुढे कुणाचं काही चालत नाही; अशा माणसाला गोळी देऊन अलगद बाहेर न्यायचं आणि पाणी पाजायचं. दुसरा देखादेखीचा. एक खोकला की ओळीनं पाच जण, जांभईसारखा. तिसरा मानाचा खोकला, उशिरा येऊन पुढच्या खुर्चीत बसणाऱ्यांचा. त्याचा अर्थ, बघा, आम्ही आलो. आणि चौथा कंटाळ्याचा. तो नेमका संथ वादनात येतो.

या चौथ्या जातीतले बिनीचे सरदार म्हणजे सातव्या रांगेच्या कडेचे टकले गृहस्थ. बायकोबरोबर येत. वादन जलद चाललेलं असेपर्यंत यांचा घसा ठणठणीत. सगळं निवलं, वादकाने डोळे मिटले, सभागृहाचा श्वास अडकला, की हे मुहूर्त साधून खोकणार. मावशींनी मनात त्यांचं नाव मुहूर्तवाले ठेवलं होतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने आता ते वळूनही पाहत नसत. नुसता तळवा खुर्चीबाहेर काढत आणि मावशी त्यावर गोळी ठेवत.

आणि अशा मावशींना खोकला झाला.

सुरुवात सर्दीने झाली. ती सगळ्यांनाच झाली होती. सर्दी गेली, पण पाहुणा जावा आणि वळकटी ठेवून जावा तसा खोकला मागे राहिला. कोरडा, टोचरा, घशात मिशीचा केस अडकल्यासारखा. दिवसा त्यातल्या त्यात बरा, आडवं पडलं की चढेल.

त्यातच व्यवस्थापकांनी सगळ्यांना जमवून बातमी सांगितली. हे व्यवस्थापक नवे, वयाने तरुण, स्वभावाने वाईट नव्हते. त्यांचे बूट मात्र करकरत, आणि आपल्याच सभागृहात आपलेच बूट त्यांना ऐकू येत नसत. एवढ्यावरून मावशींनी त्यांचा कान जोखला होता.

"मोठे व्हायोलिनवाले येताहेत," व्यवस्थापक म्हणाले. "आपल्याकडे रेकॉर्डिंग करणार. समोर श्रोते बसवून. देशभर इतकी सभागृहं असताना त्यांनी आपलं निवडलं, का माहितीय? म्हणाले, मी तिथे एकदा नुसता ऐकायला बसलो होतो. तिथल्यासारखी शांतता मी कुठे ऐकली नाही."

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी खाली पाहिलं. कारण त्यांना हसू येत होतं, आणि हसू आलं की खोकला येत होता.

"त्यांची एकच अट आहे," व्यवस्थापक पुढे म्हणाले. "शेवटचा स्वर थांबल्यावर लाल दिवा विझेपर्यंत कुणी हलायचं नाही. टाळी नाही, खुर्चीची करकर नाही, खोकला तर नाहीच नाही. तो विरणारा स्वरच त्यांना हवाय. काय मावशी?"

मावशींनी तोंड मिटून मान डोलावली आणि घोंगडीच्या चपलांनी जितकं धावता येतं तितकं धावत बाहेरचा नळ गाठला.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. एवढ्या वर्षांत वाद्यवृंदाचे बहुतेक कार्यक्रम त्यांना पाठ झाले होते. झांजा कुठे वाजणार, मोठा ढोल कुठे घुमणार, पितळी वाद्यं कधी एकदम गर्जणार, सगळं माहीत. तेवढ्यापुरता त्या खोकला राखून ठेवत आणि झांज वाजली की रुमाल तोंडाशी धरून मोकळ्या होत. टाळ्यांत तर काय, पोटभर खोकून घेत. एकदा ढोलवाल्याने एक ठोका चुकवला, तेव्हा मावशींचा खोकला उघडा पडायचा, पण शेजारच्या आजोबांना वाटलं ढोलच तसा वाजला.

मग बासरीची संध्याकाळ आली. एकटी बासरी. ना झांज, ना ढोल. मावशी दाराला पाठ टेकून उभ्या. घशात आधी गुदगुली, मग सुई, मग सुईचं दाभण. डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी डब्यातली गोळी तोंडात टाकली, आणखी एक टाकली. आणि बासरी एका लांब, बारीक स्वरावर थांबली असताना मावशी खोकल्या.

त्यांच्या मते तो फार लहान खोकला होता. सातव्या रांगेतून मुहूर्तवाल्यांनी मात्र सावकाश मान वळवून मागे पाहिलं. असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कुठल्याही वादनाने आजवर उमटला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर करकरत बूट आले.

"मावशी, बासरीत कोण खोकलं?"

"लोक खोकतात, साहेब. गोळी दिली."

"लोक नाही. मागच्या दाराकडून आवाज आला."

"बिजागरी असेल. तेल घालते उद्या."

"बिजागरी रुमालात खोकत नाही, मावशी."

उत्तर देण्यासाठी मावशींनी तोंड उघडलं, तर आणखी एक खोकला बाहेर आला, म्हणजे तसं पाहिलं तर उत्तर मिळालंच.

"रेकॉर्डिंगला दारात तिकीटखिडकीवरची ताई उभी राहील," व्यवस्थापक म्हणाले. "तुम्ही खाली कोट-छत्र्यांच्या खोलीत थांबा. आणि हा प्रकार असाच चालला तर पुढेही तिथेच. तिथे खोकलेलं चालतं."

"ती च्युइंगगम खाते, साहेब."

"त्याचा कुठे आवाज येतो?"

"तुम्हाला येत नाही."

"खोकला गेला तर बघू," एवढं म्हणून ते निघून गेले. जिन्यावरून उतरताना बूट प्रत्येक पायरीला करकरले.

कोट-छत्र्यांची खोली तळघरात होती. तिथे वरचं संगीत येत नसे, नुसती वरच्या खुर्च्यांची धडधड यायची. ओल्या लोकरीचा वास आणि भिंतीवर नंबर. ज्या माणसाने येऊन आपली शांतता ऐकली, तो वर वाजवणार आणि आपण खाली दुसऱ्यांच्या छत्र्या निथळत ठेवणार, ही कल्पनाच मावशींना सोसेना.

घरी त्या आणि त्यांची नणंद दोघीच. वन्सं मावशींपेक्षा मोठ्या, एका कानाने पूर्ण आणि दुसऱ्याने सोयीप्रमाणे बहिऱ्या. दोघी एकाच मोठ्या पलंगावर झोपत.

"मला काही त्रास नाही हो तुमच्या खोकल्याचा, वहिनी," वन्सं म्हणत. "ऐकूच येत नाही. पलंग तेवढा हलतो. बोटीत निजल्यासारखं वाटतं."

वन्संनी उपाय मात्र मनापासून केले. मध आणि आलं झालं. मिठाच्या गुळण्या झाल्या. वाफ घेताना मावशींचा चष्मा पातेल्यात पडला, तो वाफाळलेलाच बाहेर काढला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून कांदा चिरून पायमोज्यात घालून झोपायचं झालं. त्या रात्री वन्संनीच उशी उचलली आणि बाहेरच्या बाकावर गेल्या. म्हणाल्या, "कान गेलेत माझे, नाक नाही गेलं."

एवढ्या सगळ्यावर मावशींचा स्वतःचा उपाय होताच. पेपरमिंट. गोळी तोंडात असेपर्यंत घशाला गार वाटे, बरं वाटे. म्हणून त्या उरलेल्या गोळ्या आता जास्तच खाऊ लागल्या होत्या. कार्यक्रम उशिरा संपे, घरी येऊन तिखट रस्सा आणि भात पोटभर खायचा, दमून लगेच आडवं व्हायचं, आणि उबळ आली की एकेक गोळी. उशीखाली पुडी ठेवलेली असे.

"डॉक्टरकडे जा," वन्सं म्हणाल्या.

"कशाला? धूळ आहे सभागृहात. पडदे झटकत नाहीत ना कुणी."

वन्सं शेंगा सोलत होत्या. हात थांबवून त्या म्हणाल्या, "माझा भाऊही धूळच म्हणायचा."

आणि त्या पुन्हा शेंगा सोलू लागल्या. मावशींचे यजमान असेच खोकत होते, दिव्यांवरच्या धुळीला नावं ठेवत, आणि डॉक्टरकडे गेले तेव्हा फार उशीर झाला होता. मावशींना व्यवस्थापकांची भीती होती, तळघराची होती. पण खरी भीती कुठली, ती वन्संनी चार शब्दांत ताटात वाढली होती.

"उद्या जाते," मावशी म्हणाल्या.

"आज जा. उद्या तुम्हाला बरं वाटेल, मग जाणार नाही."

चौकापलीकडच्या दवाखान्यात मावशी आपला नंबर यायची वाट पाहत बसल्या. बाकावर सात माणसं, सातही खोकणारी. सवयीने त्यांचा हात डब्याकडे गेला, पण डबा नव्हता. आत गेल्या तर टेबलामागे डॉक्टर खाली मान घालून काही लिहीत होते. टक्कल ओळखीचं वाटलं. इतक्यात डॉक्टरांच्या खांद्याने किंचित उचल खाल्ली.

मावशींना पुढचं सगळं माहीत होतं. डॉक्टर खोकले, आणि खोकता खोकता त्यांचा डावा तळवा आपोआप टेबलाबाहेर आला.

"गोळी नाही आणलेली," मावशी म्हणाल्या.

मुहूर्तवाल्यांनी वर पाहिलं. तळवा तसाच होता. मग त्यांच्या तोंडावर बासरीच्या संध्याकाळचं ते हसू हळूहळू पसरलं.

"बसा, मावशी," ते म्हणाले. "किती वर्षं वाट पाहिली या दिवसाची. बोला, कधीपासून?"

चेष्टा तेवढ्यापुरतीच. मग डॉक्टरांनी असे प्रश्न विचारले की मावशींना वाटलं आपण कोर्टात उभ्या आहोत. बेडका पडतो का, त्यात रक्त दिसतं का, ताप येतो का, वजन उतरलंय का, दम लागतो का, घरात कुणी विड्या ओढतं का. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे का, कारण तिच्यातल्या काही जातींनीसुद्धा असा कोरडा खोकला होतो. मावशींचं सगळ्याला नाही. पाठीवर थंडगार नळी फिरवून झाली. मग छातीचा फोटो काढून आणायला सांगितलं.

"फोटो कशाला?" मावशींचा आवाज बारीक झाला.

"इतके आठवडे राहिलेला खोकला असा अंदाजाने सोडायचा नसतो. आधी मोठे दरोडेखोर घरात नाहीत ना ते बघायचं, मग किरकोळ चोर शोधायचा."

फोटो आला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. मावशींनी तेवढ्यात यजमानांची आठवण काढून घेतली, देवाला काही देऊ केलं आणि पुन्हा थोडं कमी केलं.

"छाती स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या सभागृहापेक्षा स्वच्छ."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि खोकल्यामुळे पाणी आलं असं सांगितलं. डॉक्टरांनी ते मान्य केलं.

"आता सांगा, आडवं पडल्यावर वाढतो? सकाळी घसा बसलेला असतो? तोंडात आंबट येतं?"

"येतं. तुम्हाला कसं कळलं?"

"आणि रात्री जेवून किती वेळाने झोपता?"

"वेळ कसला. जेवते आणि पडते. मग एखादी गोळी चघळते."

"कुठली गोळी?"

"पेपरमिंटची. उरलेली. टाकायची कशाला?"

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. हसू आवरायला त्यांना पाणी प्यावं लागलं.

"मावशी, अन्ननलिका पोटाला मिळते ना, तिथे एक दरवान असतो. खाली गेलेलं वर येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तुमच्यासारखंच. भरल्या पोटी लगेच आडवं पडलं की त्याच्यावर गर्दी लोटते. आणि पेपरमिंट त्याला पेंग आणतं. तो ढिला पडला की पोटातलं आंबट पाणी वर घशापर्यंत येतं, घसा चिडतो आणि खोकतो. खोकल्यावर तुम्ही आणखी पेपरमिंट खाता. तो बिचारा आणखी घोरतो."

मावशींना खोकल्यापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. "माझ्या पोटातला दरवान ड्यूटीवर झोपतो?"

"तुम्हीच निजवता त्याला."

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना..."

"लोकांना एखाद्या गोळीने काही होत नाही. घशाला ओल येते, बरं वाटतं. तुमच्यासारखा डबाच्या डबा कुणी खात नाही. माझा अंदाज असा की सर्दीने घसा आधीच सोललेला होता, आणि त्यावर हे रोजचं. कुंपणच शेत खात होतं."

मग डॉक्टरांनी सांगितलं. कार्यक्रमाला येण्याआधी जेवायचं, रात्री फार तर दूध. जेवल्यावर दोनतीन तास आडवं व्हायचं नाही. तिखट, तळलेलं काही दिवस बंद. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. पेपरमिंट एकही नाही. थोड्या दिवसांसाठी औषध लिहून दिलं, आणि वर बजावलं की आठवड्यात चमत्कार होणार नाही, घसा शांत व्हायला महिना-दीड महिना लागतो. तरीही राहिला, किंवा ताप आला, रक्त दिसलं, तर ताबडतोब परत यायचं.

"आणि दारात उभी असताना उबळ आली तर?"

"तोंड मिटायचं. आवंढा गिळायचा. मग नाकाने हळू, अगदी थोडा थोडा श्वास घ्यायचा. घाईने मोठा श्वास घेतलात की खोकलाच खेचून आणाल. जवळ कोमट पाणी ठेवा, घोट घ्या. बहुतेक उबळी अशाने ओसरतात."

मावशी उठल्या. दारापाशी पोचून वळल्या. "एक विचारू? हे सगळं ठाऊक असून तुम्ही स्वतः नेमके संथ वादनातच का खोकता?"

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, बंद आहे याची खात्री केली. "खरं सांगू? मला त्यातलं काही कळत नाही. जागं राहायला काहीतरी हवं ना. हिला सांगू नका, तिला वाटतं मला धुळीची ॲलर्जी आहे."

"धूळ," मावशी म्हणाल्या. "बरोबर."

घरी विटा आल्या. पलंगाचं उशाकडचं टोक वर गेलं आणि दोन दिवस दोघी सकाळी पायथ्याशी गोळा झालेल्या सापडल्या. तिसऱ्या दिवशी वन्संनी गादीखाली खरखरीत सतरंजी घातली आणि म्हणाल्या, "बोटीतून उतरवलंत आणि डोंगरावर चढवलंत. आता पुढे काय, विमान?"

सभागृहात प्रश्न उरलेल्या गोळ्यांचा होता. मावशींनी त्या एका वाटीत घालून व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवल्या. "डॉक्टरांनी मला बंद केल्यात. टाकवत नाहीत. तुम्हीच काय ते बघा."

"टाकायच्या कशाला?" व्यवस्थापक म्हणाले. "चांगल्या गोळ्या आहेत. मी लावतो काहीतरी सोय." मावशींना पहिल्यांदाच या माणसात काहीतरी चांगलं दिसलं.

आठवडे गेले. खोकला एकदम गेला नाही, एकेक पायरी उतरत गेला. रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी व्यवस्थापक मुद्दाम मागच्या दारात मावशींशेजारी उभे राहिले. पूर्ण कार्यक्रमभर मावशी गप्प होत्या. बूट तीनदा करकरले.

"ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "उद्या दारात तुम्हीच राहा. पण मावशी, एक खोकला जरी..."

"मी खोकले तर तुम्ही सांगायची गरज नाही. माझी मीच खाली जाईन, आणि परत वर येणार नाही."

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, एवढं मोठं बोलायचं काही अडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च. दुपारचीच वेळ होती. रंगमंचावर माईक, कोपऱ्यात लाल दिवा, मधे म्हातारे व्हायोलिनवाले, पांढऱ्या भुवयांचे. मावशींच्या एका हातात डबा, दुसऱ्यात कोमट पाण्याची छोटी बाटली. सातव्या रांगेच्या कडेला टक्कल आपल्या जागी.

जलद भाग सुखरूप पार पडला. मग वादन संथ झालं, आणखी संथ झालं, एकाच तारेवर आलं. आणि मावशींच्या घशात तो मिशीचा केस जागा झाला.

त्यांनी तोंड मिटलं. आवंढा गिळला. नाकाने इवलासा श्वास घेतला. केसाची सुई झाली. पुन्हा आवंढा, पुन्हा इवलासा श्वास. बाटलीचं झाकण उघडायची सोय नव्हती. ते फिरकीचं होतं आणि फिरताना किरकिरायचं, हे घरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलेलं असतानाच त्यांना समोर दिसलं, सातव्या रांगेतला खांदा वर चढत होता. तळवाही बाहेर आला.

मावशी हलू शकत नव्हत्या. एक पाऊल टाकलं असतं तर सुई सुटली असती. तळवा वाट पाहून थकला, तेव्हा डॉक्टर वळले. त्यांना दिसल्या लालबुंद मावशी, आणि त्या आपलं नाक बोटाने दाखवत होत्या. आधी डॉक्टरांना कळेना. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा आपलंच औषध पिताना होतो तसा झाला. त्यांनी तोंड मिटलं. आवंढा गिळला. सभागृहाच्या दोन टोकांना दोन माणसं एकमेकांकडे टक लावून नाकाने श्वास घेत राहिली. डॉक्टरांच्या बायकोने ते पाहिलं आणि त्याचा काय अर्थ लावला, तो देव जाणे.

सुई विरघळली. खांदा उतरला. शेवटचा स्वर आला, लांबला, बारीक झाला आणि हवेत राहिला. लाल दिवा अजून लागलेलाच होता. कुणी हलेना.

आणि कुणीतरी खोकलं. मोकळ्या गळ्याने, दणदणीत.

व्यवस्थापक गर्रकन मागच्या दाराकडे वळले. दोनतीनशे मानाही वळल्या. मावशींनी ओठ घट्ट मिटून, डबा उचलून, बोटाने समोर दाखवलं. रंगमंचावर व्हायोलिनवाले व्हायोलिन बगलेत धरून वाकून खोकत होते.

पुढच्या क्षणी काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, मावशींशिवाय. त्या बाटली घेऊन मधल्या वाटेने चालत गेल्या. घोंगडीच्या चपलांचा आवाज तेवढ्या शांततेतही आला नाही.

"गोळी नको, बाई," व्हायोलिनवाले धापा टाकत म्हणाले. माईक चालू होते, शब्द न् शब्द सगळीकडे पोचला. "सकाळपासून गोळ्याच खातोय. तुमच्या व्यवस्थापकांनी माझ्या खोलीत वाटीभर ठेवल्यात. झकास आहेत. संपवल्या."

मावशींनी व्यवस्थापकांकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. बूट करकरले होते.

"जेवण?" त्यांनी विचारलं.

"भरपेट. मग जरा आडवा झालो, बरं वाटावं म्हणून. हे असं मला कधी होत नाही हो."

सातव्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला. त्याला शेजारून एक कोपर बसलं.

"हे प्या, घोट घोट," मावशी म्हणाल्या. "बसू नका, ताठ उभे राहा. तोंड मिटा. गिळा. आता नाकाने, हळू. घाई नाही, आम्ही सगळे थांबतो."

सगळे थांबले. एवढा मोठा माणूस शाळेतल्या मुलासारखा नाकाने श्वास घेत होता, आणि बघता बघता त्याच्यासोबत अख्खं सभागृह घेऊ लागलं. मग त्यांनी मान हलवली, मावशींना बाटली परत दिली आणि संथ भाग पुन्हा पहिल्यापासून वाजवला. मावशी तोवर आपल्या दारात पोचल्या होत्या. शेवटचा स्वर या खेपेला इतका वेळ राहिला की लाल दिवा विझल्यावरही कुणाला टाळी वाजवायचं सुचेना.

बाहेर पडताना डॉक्टर दारापाशी रेंगाळले. "मावशी, आज दुसऱ्या वेळेला मला ते थोडं थोडं कळलं बरं का."

"नाकाने श्वास घेतला की कळतं," मावशी म्हणाल्या.

व्यवस्थापक सर्वांत शेवटी आले. तोंड पाडून, बूट शक्य तितके अलगद टेकवत. "मावशी, मी म्हटलं टाकायच्या कशाला..."

"मीही तेच म्हणत होते, साहेब. बरीच वर्षं."

"खाली लोकांना कोट द्यायला कुणी नाहीये. ताई तिकिटांचा हिशेब करतेय."

मावशींनी डब्याचं झाकण बोटाने दाबून लावलं. झाकण आवाज न करता बसलं.

"मग काय करायचं?" त्यांनी विचारलं.

व्यवस्थापक जिन्याकडे वळले. तळघरापर्यंत त्यांची एकेक पायरी वर ऐकू येत होती.